छताला टांगलेले सोफे

खालच्या गल्लीत सोफामावशीला न ओळखणारा माणूस सापडणं अवघड, आणि तिचा एकदा तरी ओरडा न खाल्लेला सापडणं त्याहून अवघड. तिचं सोफे दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या अगदी टोकाला होतं. दुकानापुढे एक बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे थेट समुद्र. पूर्वी मधे मैदान होतं, मैदानापलीकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे वाळू होती. समुद्राने आधी वाळू खाल्ली, मग रस्ता खाल्ला, मग मैदान संपवलं आणि भिंतीशी येऊन बसला. कुणी काळजी केली की मावशी म्हणायची, "बसू दे की. बसायला आलेल्याला नाही कसं म्हणू? माझा धंदाच तो आहे."

दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. खोलीत कापसाचा आणि सरसाचा वास, भिंतीला कापडांचे गठ्ठे, मधोमध अर्धवट सोललेले सोफे, आणि त्यांच्यात फतकल मारून बसलेली मावशी. तिच्या तोंडात कायम बारीक खिळे असायचे. खिळे ओठांत धरून ती बोलायची, हसायची, भांडायची, आणि आजवर एकही गिळला नव्हता. वरच्या माळ्यावर तिचा संसार होता. संसार म्हणजे ती आणि काका. काका पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आता मावशीला मदत करायचे. स्वभाव असा की त्यांच्याकडून एक वाक्य ऐकायचं तर चहा दोनदा पाजावा लागे. मावशी दोघांचंही बोलून टाकायची, त्यामुळे एकूण घरात बोलण्याची कमतरता अशी नव्हती.

आता या खोलीत पाणी यायचं. उधाणाची भरती आली, त्यात वारा समुद्राकडून असला, की लाट भिंतीवरून उडी मारायची आणि खालून मोरीतूनही पाणी वर चढायचं. गुडघाभर तर सहज. सोफ्याचा आणि खाऱ्या पाण्याचा किती प्रेमाचा संबंध असतो हे ज्याने एकदा भिजलेला फोम हुंगलाय त्याला सांगायला नको. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मावशीचे सगळे सोफे गेले. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी उठली आणि काकांना म्हणाली, "तुम्ही एवढी मोठी इंजिनं बोटीतून वर काढता, मग माझा सोफा काय जड आहे?"

काकांनी छताच्या तुळयांना लोखंडी हूक ठोकले. कप्प्या लावल्या, साखळ्या ओढल्या, सोफ्याखालून घालायला जाड पट्टे शिवले. तेव्हापासून उधाण आलं की मावशीच्या दुकानातले सगळे सोफे छताला टांगले जात. खाली पाणी डुचमळतंय आणि वर मखमलीचे, रेक्झिनचे, फुलाफुलांचे सोफे ओळीने लोंबकळतायत, असा देखावा असायचा. पाणी ओसरलं की गोड्या पाण्याने फरशी धुवायची, पुसायची, पंखे लावायचे, सोफे खाली घ्यायचे. संध्याकाळी वरच्या वस्तीतलं गिऱ्हाईक आलं तर त्याला दिसायचं स्वच्छ दुकान आणि खिळे तोंडात धरून हसणारी मावशी.

गल्लीत सगळ्यांनीच अशा युक्त्या काढल्या होत्या. विजेची बटणं सगळ्यांच्या घरात उंच माणसाच्या खांद्याला लागतील इतकी वर. कपाटं विटांवर. किराणावाल्याच्या दुकानात खालचे दोन कप्पे रिकामे. समोरच्या न्हाव्याची खुर्ची पायाने दाबली की वर जाणारी होती, त्यामुळे भरतीतही तो दाढी अर्धवट सोडत नसे. पण या सगळ्याचा एक नियम मावशीने घालून दिला होता आणि तो अख्खी गल्ली पाळायची: पाणी येतं हे बाहेरच्याला कळता कामा नये. समुद्र ज्या घरात शिरतो त्या घरात आपला सोफा कोण देईल? किराणा कोण घेईल?

या सगळ्यात एकच अडचण होती, आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. भरतीचे दिवस आधी ठाऊक असतात, पण वारा कुणाला विचारून येत नाही. साधी भरतीही वाऱ्याने फुगते. म्हणून दोघांपैकी एकाने कायम घरी राहायचं. लेक शहरात राहायची, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिच्याकडे कधी मावशी जायची, कधी काका. नातीचा वाढदिवस असो की लेकीचं आजारपण, जाणारं एकच. लग्नसुद्धा लेकीने याच गल्लीत केलं, कारण दुसरीकडे केलं असतं तर आई आली असती किंवा बाप. नातीचा लहानपणी असा पक्का समज होता की आजी आणि आजोबा एका वेळी एकच मिळतात. दार उघडलं की ती आधी विचारायची, "आज कोण आलंय?" सगळे हसायचे. मावशी सगळ्यांत मोठ्याने हसायची.

किनारा खात्याची पाहणी पूर्वी एकदा होऊन गेली होती. कुठे बंधारा बांधायचा आणि कुठे नाही हे ठरवायला खात्याची माणसं यायची. ती यायची ओहोटीच्या, कोरड्या, उन्हाच्या दिवशी, कारण खारं पाणी लागलं की सरकारी जीप गंजते. पाहणी येणार म्हटल्यावर मावशीने गल्लीत फर्मान काढलं: घासा, पुसा, चुना लावा. सरकारी माणूस आपल्या दारी येणार आणि भिंतीला ओलीचे डाग दिसणार? नाक कापलं जाईल. गल्ली अशी चकाचक झाली की पाहणीला आलेल्या साहेबांनी बूट झटकून आत पाऊल टाकलं.

"मागच्या पाण्यात काय नुकसान झालं?" त्यांनी विचारलं.

"नुकसान?" मावशी म्हणाली. "छे हो. आमच्याकडे काही भिजत नाही." आणि त्यांना चहा दिला, नव्या कव्हराच्या खुर्चीवर बसवलं.

साहेबांनी चहा घेतला आणि गल्लीच्या नावापुढे लिहिलं, निरंक. पलीकडे गोदामं होती. गोदामवाल्यांनी आयुष्यात एक पोतं वर उचललं नव्हतं, सगळा माल भिजवून ठेवला होता. त्यांचं नुकसान एवढं भरलं की बंधारा त्यांच्यासमोर झाला. आणि बंधाऱ्याला आपटून लाट जायची कुठे? ती वळून खालच्या गल्लीकडे येऊ लागली. मैदानाचा उरलासुरला तुकडा त्याच वर्षी गेला.

एवढं होऊनही मावशीचा नियम ढिला झाला नाही. मग खात्याची नोटीस आली. पुन्हा एकदा पाहणी होईल, ही शेवटची. हिशोबात बंधारा बसला तर ठीक, नाहीतर गल्ली रिकामी करून किनारा समुद्राच्या मर्जीवर सोडला जाईल. रहिवाशांना वरच्या वस्तीमागे नव्या इमारतींत खोल्या मिळतील.

"तिसऱ्या मजल्यावर," न्हाव्याने वाचून सांगितलं. "आणि खोल्यांमध्ये धंदा करायला मनाई आहे."

"सोफा जिन्यातून जाणारच नाही," काका म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे एकमेव वाक्य.

मावशीने नोटीस दोनदा उलटसुलट करून पाहिली. दुकान, कप्प्या, तुळया, हातात बसलेलं काम, सगळं एका कागदावर जाणार होतं. तिला धास्तीने रात्री जेवण गेलं नाही. पण माणसाचा स्वभाव असा की घाबरल्यावर त्याला जे येतं तेच तो जास्त जोराने करतो. सकाळी उठून मावशीने गल्लीला सांगितलं, "यावेळी आणखी स्वच्छ करा. बघू दे त्यांना, किती नीट ठेवलीय गल्ली. असली गल्ली कोण सोडेल समुद्रात?"

पाहणीला यावेळी एक बाई आल्या. चाळिशीच्या, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि जीप वगैरे काही नाही, बसने. गल्लीने त्यांचं नाव लगेच पाडलं, पाहणीबाई. त्या दुकानात शिरल्या, चहाला हो म्हणाल्या आणि खुर्चीवर बसण्याआधी मान वर करून छताकडे बघू लागल्या. आजवर छताकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"हे हूक कशाला?"

"पंख्यांना," मावशी म्हणाली.

"एवढे पंखे?"

"उकडतं फार."

पाहणीबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "उधाणाच्या दिवशी सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता?"

मावशीने नुकसानीच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. हा प्रश्न अभ्यासाबाहेरचा निघाला. "चहा," ती म्हणाली.

"मग?"

"मग दुसरा चहा."

"मग साखळ्यांना तेल," कोपऱ्यातून काका म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर माळ्यावर पळाला असता. काका जागचे हलले नाहीत. चहा त्यांचाही दुसरा होता.

"साखळ्या कसल्या?" पाहणीबाईंनी विचारलं.

आणि काका बोलू लागले. मावशीने त्यांना इतकं सलग बोलताना लग्नानंतर ऐकलं नव्हतं. हूक, कप्पी, पट्टे. पहाटे उठून सोफे वर, पाणी गेल्यावर खाली. कापडाचे गठ्ठे माळ्यावर, शिलाई मशीन माळ्यावर, मग सगळं परत. उजवा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही, शर्ट घालताना मावशी बाही धरते. "आणि लेकीकडे आम्ही दोघं मिळून कधी गेलेलो नाही," ते म्हणाले. "एकाला राहावं लागतं. नात विचारते, आज कोण आलंय." एवढं बोलून त्यांनी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

मावशी सोफ्याच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिली. खांद्याचं तिला माहीत होतं, बाही तीच धरायची. पण नातीचं बोलणं त्यांना इतकं लागलं होतं हे तिला कळलं नव्हतं. ती इतकी वर्षं हसत होती आणि हे गप्प बसत होते.

पाहणीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, रागावू नका. आमच्या हिशोबात भिजलेलं मोजतात. गोदामवाल्यांचं सगळं भिजलं, त्यांना बंधारा मिळाला. तुम्ही काही भिजू देत नाही, म्हणून तुमच्यापुढे निरंक. भिजू नये म्हणून माणसं जी राबतात, घराला बांधून घेतात, ते कुठल्या रकान्यात बसतच नाही."

"म्हणजे आम्ही गचाळ असतो तर बंधारा मिळाला असता?"

"सरळ सांगायचं तर, हो."

मावशीने तोंडातले खिळे काढून डबीत टाकले. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. "मग तुम्ही काय करणार?"

"मी खात्यात दोन वर्षं भांडतेय की मोजायची रीत बदला. काय बुडालं एवढंच विचारू नका, बुडू नये म्हणून काय-काय द्यावं लागलं तेही विचारा. पण माझ्या बोलण्याने समिती हलत नाही. तुमच्या गल्लीचं उदाहरण असं आहे की हलेल. तुम्ही खरं सांगितलं तर ते अहवालात येईल, आणि अहवाल सुनावणीत सगळ्यांसमोर वाचला जाईल."

"सगळ्यांसमोर म्हणजे? वरच्या वस्तीतले?"

"तेही असतील."

"मग नको," मावशी म्हणाली. "आमच्याकडे काही भिजत नाही. लिहून घ्या."

पाहणीबाईंनी वाद घातला नाही. चहाचे आभार मानले आणि समोर न्हाव्याकडे गेल्या. मावशी दुकानात उभी राहिली. एका बाजूला गिऱ्हाइकं, एका बाजूला गल्ली. वरच्या वस्तीत बातमी पसरली की खालच्या गल्लीत समुद्र शिरतो, तर उद्यापासून दुकानात कोण येणार? आणि न पसरली तर दुकानच राहणार नव्हतं.

"गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल," काका म्हणाले. "गल्ली गेली तर कुठून आणू?"

"आज फार बोलताय."

"आज विचारलं कुणीतरी."

मावशीला ते वाक्य चांगलंच झोंबलं. काकांनी कधी तक्रार केली नव्हती हे खरं, पण तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने नाही, हातातल्या मखमलीच्या तुकड्याने पुसलं आणि तरातरा समोर गेली. न्हावी पाहणीबाईंना सांगत होता, "आमच्याकडे काय, काहीच नाही. पाणी? इथे? समुद्र तर किती लांब आहे." बोलताना खिडकीतून समुद्र त्याच्या खांद्यावरून डोकावत होता.

"ए, पुरे झालं," मावशी दारातून ओरडली. "खुर्ची वर करून दाखव त्यांना!"

न्हाव्याचा वस्तरा हातात तसाच राहिला. "मावशी, तूच तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. आता उलटं म्हणते. खरं सांग." मग ती पाहणीबाईंकडे वळली. "आणि तुम्ही. नुसतं लिहून काय होणार? पुढच्या उधाणाला तुमच्या समितीला घेऊन या. अध्यक्षांना तर घेऊन याच. यावेळी गल्लीत कुणी झाडू हातात धरणार नाही."

समिती आली. जीप लांब, चढावर उभी केली होती. अध्यक्ष भरदार देहाचे, बोलणं मोजकं, बूट असे चकचकीत की मावशीला त्यांच्यात दुकानातली ट्यूबलाइट दिसली. आल्या-आल्या ते म्हणाले, "माझ्याकडे वेळ कमी आहे," आणि समोरच्या हिरव्या सोफ्यावर बसले. सोफा अर्धा झाला होता. बैठकीला नवं हिरवं कापड, पण हातांचं लाकूड अजून उघडं. खालून पट्टे आधीच घातलेले होते.

सकाळपासून गल्लीत लगबग होती, पण ओरडा कुणाचाच नव्हता, मावशीचासुद्धा. सगळ्यांचे हात ठरल्याप्रमाणे चालत होते. किराणावाला पोती उचलत होता, न्हाव्याने आरसा वरच्या खिळ्याला लावला होता. पाहणीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मोरीतून आधी गुळण्या केल्यासारखा आवाज आला. अध्यक्ष बोलत होते, "आता हिशोबाचा मुद्दा असा की, नुकसानीचा आकडा जर..." तेवढ्यात भिंतीवरून पहिली लाट आली आणि दारातून पाणी आत शिरलं.

"साहेब, पाय वर घ्या," मावशी म्हणाली.

साहेबांनी पाय वर घेतले. पाणी वाढलं. त्यांनी पाय आणखी वर घेतले आणि सोफ्यावर मांडी घातली.

"मी उतरतो," ते म्हणाले.

"उतरू नका, बूट भिजतील. बसा तसेच." मावशीने काकांकडे बघितलं. "अहो, घ्या!"

काकांनी साखळी ओढली. खांदा दुखत होता, चेहऱ्यावर दिसत होतं, पण एकीकडून मावशीने आणि दुसरीकडून न्हाव्याने हात लावला. कप्पी कुरकुरली आणि किनारा समितीचे अध्यक्ष मांडी घालून, फायलीसकट, हळूहळू छताकडे निघाले. समितीतले बाकीचे लोक जिन्यावर चढून बसले होते. त्यांच्यातला एक हसला आणि मग त्याने खोकल्याचं सोंग केलं.

वर गेल्यावर अध्यक्षांना करण्यासारखं काही नव्हतं. वेळ कमी असणाऱ्या माणसाला अशी सक्तीची फुरसत बहुधा पहिल्यांदाच मिळाली असावी. त्यांनी खाली पाहिलं. घोट्याभर, वाढत्या पाण्यात एक बाई आणि एक म्हातारा उरलेले सोफे एकामागून एक वर चढवत होते. मशीन जिन्यावरून वर जात होतं. गठ्ठे जात होते. एकही वस्तू भिजत नव्हती आणि एकही माणूस कोरडा नव्हता. त्यांचा हात सोफ्याच्या उघड्या लाकडावर फिरत होता. फिरता फिरता तो थांबला. लाकडावर ओरखडे होते, खोल, वाकडेतिकडे, एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढलेले.

"हे..." अध्यक्ष वरून म्हणाले. "हे आमच्या बोक्याचं काम आहे."

"काय म्हणालात?" मावशीने खालून विचारलं.

"हा सोफा माझा आहे! घरात बायको म्हणाली होती, दुरुस्तीला दिलाय. हा इथे आहे?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. मांजरवाल्या बाई! दरवर्षी सोफा घेऊन येणाऱ्या, दरवर्षी बोक्याला शिव्या देणाऱ्या आणि तरी बोक्याचाच फोटो पर्समध्ये ठेवणाऱ्या. त्या अध्यक्षांच्या घरच्या निघाल्या. लपवायचं होतं ते बरोबर त्याच गिऱ्हाइकाला कळलं होतं, तेही असं छताला लटकून.

"दरवर्षी येतो तो," ती म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "दरवर्षी भरतीला वर जातो."

अध्यक्षांनी वाकून पाण्याकडे बघितलं. साखळी हलली, तसे ते पटकन सरळ झाले. "आणि भिजला असता तर?"

"भिजला नाही ना, साहेब. म्हणून तर तुमच्या कागदावर निरंक."

 खाली पाणी भिंतींना थापट्या मारत होतं. काका जिन्याच्या पायरीवर बसून उजवा खांदा डाव्या हाताने दाबत होते, आणि अध्यक्ष त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी हाक मारली, "पाहणीबाई," आणि लगेच जीभ चावली, कारण गल्लीतलं नाव त्यांच्याही तोंडी बसलं होतं. "तुमचा तो रकाना. मला पुन्हा समजावून सांगा. वेळ आहे माझ्याकडे."

पाहणीबाईंनी पाण्यात उभं राहून समजावलं. ओहोटी लागेपर्यंत त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि अध्यक्षांना तर कुठे जाताच येत नव्हतं.

पुढचं सगळं काही एका फटक्यात झालं नाही. समितीत वाद झाले. कुणी म्हणालं, खांदेदुखी मोजायला लागलो तर उद्या लोक डोकेदुखीही मोजायला लावतील. कुणी म्हणालं, लोकांना विचारून हिशोब करायचा तर आम्ही कशाला? पण पाहणीची रीत बदलली. आता खात्याची माणसं ओहोटीला येतात तशी भरतीलाही येतात, आणि पहिला प्रश्न असतो, भरतीच्या दिवशी सकाळी उठल्यावर काय करता. बंधारा मागितला होता तेवढा लांब झाला नाही, पण दगडी, मजबूत झाला, आणि गोदामांच्या बंधाऱ्याचं टोकही वळवून घेतलं, जेणेकरून लाट तिथून उसळून इकडे येऊ नये.

सुनावणीत अहवाल वाचला गेला. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, ताठ, तोंडात खिळे नसल्यामुळे थोडी बावचळलेली. दोन-तीन गिऱ्हाइकं गेली, नाही असं नाही. पण मांजरवाल्या बाईंनी अख्ख्या वरच्या वस्तीत सांगितलं की आमचे हे छताला टांगले होते आणि सोफ्याला थेंब लागला नाही. त्यानंतर लोक सोफा द्यायला आले की आधी वर बघायचे आणि विचारायचे, "आमचा कुठल्या हुकाला?" मावशीला आधी राग यायचा. मग तिने हुकांना रंग दिला.

बंधाऱ्यानंतरचं पहिलं मोठं उधाण आलं तेव्हा दोघांनी सवयीने सोफे वर चढवले आणि जिन्यावर बसून वाट पाहिली. समुद्र बाहेर आपटत होता. फरशी कोरडी राहिली. मोरीसुद्धा गप्प. संध्याकाळी काकांनी एक सोफा खाली घेतला आणि दोघं त्यावर बसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर ती कधी बसली नव्हती. मावशीला काय बोलावं सुचेना, आणि असं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढच्या उधाणाच्या आदल्या दिवशी तिने कपड्यांची पिशवी भरली. मग काकांचीही भरली. न्हाव्याला किल्ली दिली, आठ सूचना दिल्या, परत जाऊन नववी दिली. बसमध्ये ती सारखी म्हणत होती, "वारा कुठून आहे हो?" आणि काका म्हणत होते, "कुठून का असेना."

लेकीच्या इमारतीत जिना मोठा. मावशी पुढे, काका मागे, खांद्यामुळे कठडा धरत. मावशीने बेल वाजवली. आतून धावत पावलं आली. नात आता बरीच मोठी झाली होती, पण दार उघडता उघडता प्रश्न तोच.

"आज कोण आलंय?"

मावशीने पिशवी पोटाशी घेतली. ती बाजूला सरली. मागून काका शेवटची पायरी चढून वर आले.

नात आजीकडे बघत राहिली, मग आजोबांकडे, मग पुन्हा आजीकडे. तिचा चेहरा आनंदाने फुलायच्या आधी काळजीने आक्रसला.

"मग तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही," मावशी म्हणाली, आणि हसायला म्हणून तोंड उघडलं तर तिला रडूच फुटलं. दारातच, पिशवी हातात धरून, लहान मुलासारखी ती रडली. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. काकांनी मावशीच्या हातातली पिशवी घेतली, डाव्या हाताने, आणि म्हणाले, "आत तर चल. दोघं आलोय."